अक्कांचे चार प्रश्न

(कॅडेट, इयत्ता अकरावी)

माझे घर बेंगळुरूच्या चिकपेट भागात आहे. शाळेत कोणी गाव विचारले आणि मी 'बेंगळुरू' म्हटले, की समोरच्याच्या डोळ्यांसमोर काचेच्या इमारती आणि आयटी कंपन्या येतात. चिकपेट तसे नाही. केम्पेगौडाने १५३७ मध्ये वसवलेल्या जुन्या पेठेचा हा भाग. दोड्डपेट आणि चिकपेट हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथून शहराची आखणी सुरू झाली असे सांगतात. दोड्डपेटेला आता अव्हेन्यू रोड म्हणतात. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर इथे होती. शिंपी, भावसार, मराठा अशी कितीतरी मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या या गल्ल्यांत राहतात, घरात मराठी आणि दुकानात कन्नड बोलतात. आमचे घर त्यांपैकीच एक. खाली बाबांचे अस्तर, बटणे आणि दोऱ्यांचे दुकान, वर आम्ही. जिना दगडी, अरुंद आणि इतका उभा की धरून चढायला वरून एक दोर सोडलेला आहे.

जिन्याचे वर्णन उगाच केलेले नाही. गेल्या दिवाळीनंतर आजीला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि दुकानावर माल उतरवणाऱ्या दोन हमालांनी तिला खुर्चीत बसवून खाली आणले. अठरा दिवसांनी त्याच खुर्चीतून ती वर आली. उजवा हात आणि उजवा पाय हलत नव्हता. बोलणे पाच-सहा शब्दांवर आले होते आणि ते सगळे मराठी होते. साठ वर्षे चिकपेटेत कन्नडमधून भाव करणाऱ्या आजीच्या तोंडून आता एकही कन्नड शब्द येत नव्हता. समजायचे, पण बोलता यायचे नाही.

मी तेव्हा शाळेत होतो. रविवारच्या फोनवर एकेक गोष्ट कळत होती. आईने एकटीने पंधरा दिवस सगळे केले. आजीला उठवणे, बसवणे, पुसणे, भरवणे, कपडे बदलणे. मग आईची कंबर धरली. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि वजन उचलायचे नाही असे सांगितले. हुबळीची आत्या दहा दिवस येऊन राहिली, पण तिलाही तिचे घर होते. शेवटी बाबांनी ठरवले की चोवीस तास घरात राहणारी बाई ठेवायची. त्यावर नात्यातल्या मंडळींनी बरेच ऐकवले. "घरात सून असताना परकी बाई कशाला?" हा प्रश्न आईच्या समोर विचारला गेला. आई काही बोलली नाही. बाबा म्हणाले, "सुनेची कंबर मोडून आईची सेवा होत नाही."

बेंगळुरूत अशा बाईला सगळे सरसकट 'होम नर्स' म्हणतात. पण त्यात दोन प्रकार आहेत आणि बाई शोधणाऱ्या प्रत्येकाने ते आधी समजून घ्यावेत. एक प्रशिक्षित परिचारिका. इंजेक्शन, नाकातली नळी, लघवीची नळी, जखमेचे ड्रेसिंग ही तिची कामे. दुसरी म्हणजे अटेंडंट, आपल्याकडे जिला आया म्हणतात. अंघोळ, भरवणे, कूस बदलणे, चालवणे ही तिची कामे. आजीला नळी नव्हती, त्यामुळे आम्हाला अटेंडंट हवी होती. एका एजन्सीकडून एक बाई आली. स्वभावाने चांगली, कामाला स्वच्छ. अकराव्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली आणि म्हणाली, "ऊरिगे होगबेकु." गावाला जायचे आहे. एवढेच. त्यानंतर ती आली नाही.

"आजकाल कोणी टिकत नाही," असे सगळे म्हणाले. आईला मात्र कारण माहीत होते. ती बाई आजीच्या खाटेखाली चटई टाकून झोपायची, म्हणजे झोपायचा प्रयत्न करायची. कारण डॉक्टरांनी सांगितले होते की आजीची कूस दर दोन तासांनी बदलली पाहिजे, रात्रीसुद्धा. रात्री दहा, बारा, दोन, चार आणि सकाळी सहा. दहा रात्री, प्रत्येक रात्री पाच वेळा. आणि दिवसभर काम ते वेगळेच. आईने तिला दुपारी तीन वाजता खाटेच्या दांड्यावर डोके टेकून बसल्या बसल्या झोपलेली पाहिले होते.

हे दोन तासांचे गणित कुठून आले, ते मी नंतर वाचले. मित्रांनो, ही गोष्ट आपल्या कामाची आहे, कारण तिची मुळे सैन्यात आहेत. पाठीच्या कण्याला गोळी लागून कमरेखाली लुळे पडलेले सैनिक पहिल्या महायुद्धापर्यंत फार काळ जगत नसत. त्यांना गोळी मारत नसे. एकाच जागी पडून राहिल्याने पाठीला आणि टाचांना होणाऱ्या जखमा, म्हणजे बेडसोअर, आणि लघवीचा संसर्ग त्यांना मारत असे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, इंग्लंडमधील स्टोक मँडेविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांच्याकडे अशा सैनिकांचा वॉर्ड आला. गुटमन हे नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेले ज्यू डॉक्टर. त्यांनी नियम केला की प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, दिवसा आणि रात्रीही. ते होते की नाही हे पाहायला ते स्वतः रात्री वॉर्डात फेरी मारत. सैनिक जगू लागले. १९४८ मध्ये, लंडन ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी सोळा रुग्णांची व्हीलचेअरवर बसून तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. सांगली जिल्ह्यातले, ईएमई कोअरचे जवान मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि त्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक जिंकले. आपण त्यांच्या पदकाबद्दल बोलतो. पण त्या सगळ्याच्या आधी, कुठल्या तरी वॉर्डात, रात्री दोन वाजता उठून कोणीतरी कोणाची तरी कूस बदललेली असते.

गुटमनांच्या वॉर्डात त्या कामाला पाळ्या होत्या, माणसांच्या तुकड्या होत्या. आमच्या घरात एकच बाई होती.

डिसेंबरच्या सुट्टीत मी घरी पोहोचलो त्याच आठवड्यात दुसऱ्या बाई आल्या. दुकानावर येणाऱ्या एका शिंप्याच्या ओळखीतून. निपाणीजवळच्या खेड्यातल्या, वय पंचेचाळीसच्या आसपास, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या. आधी बेळगावात आणि नंतर बेंगळुरूत त्यांनी अशी कामे केलेली होती. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. बाबांनी त्यांना काय काय विचारायचे ते कागदावर लिहून ठेवले होते. अक्कांनी सगळ्यांची उत्तरे दिली, आधार कार्डाची प्रत दिली, पोलीस पडताळणीला हरकत नाही म्हणाल्या. चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आता मी चार गोष्टी इचारू का?"

"मी झोपायचं कुठं? रातच्याला माझ्यासंगं उठणार कोण? सुट्टीचा वार कुठला? आणि पगार कुणाच्या हातात देणार?"

मी आजपर्यंत मुलाखती पाहिल्या आहेत त्या एकाच दिशेच्या. शाळेच्या प्रवेशाच्या वेळी समोर तीन अधिकारी होते आणि प्रश्न फक्त तेच विचारत होते. इथे मात्र अक्का आमच्या घराची मुलाखत घेत होत्या, आणि त्यांचे प्रश्न आमच्यापेक्षा चांगले होते.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर बाबांनी लगेच दिले. पगार दर महिन्याच्या एक तारखेला थेट त्यांच्या बँक खात्यात. तिसऱ्याचेही अवघड नव्हते. रविवारी दुकान बंद असते, घरात माणसे असतात, म्हणून रविवार सकाळपासून सोमवार सकाळपर्यंत सुट्टी. पहिल्या प्रश्नाशी थोडे अडखळले. आमच्या घरात दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्यावरची एक लहान खोली आहे. त्या खोलीत अस्तराचे तागे भरलेले असतात. अक्का म्हणाल्या, "खोली बारकी चालंल. दार पाहिजे, आतनं कडी लागंल असं." दोन दिवस मी आणि चुलत भाऊ तागे खाली वाहत होतो. शाळेत पाठीवर वजन घेऊन केलेला सराव चिकपेटेच्या त्या जिन्यावर उपयोगी पडला. खोली रिकामी झाली, सुताराने आतून कडी बसवली, एक खाट आणि पंखा आला.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र बाबांकडे उत्तर नव्हते. ते म्हणाले, "रात्री तुम्हीच ना? त्यासाठीच तर चोवीस तासांची बाई..."

अक्का म्हणाल्या, "मग आणखी एक बाई बघा, साहेब. दिवसभर मी करती, त्यात कमी पडणार न्हाई. पर रातच्याला मी बी माणूसच हाय. न झोपलेली बाई पेशंटला पाडती. मी बघितलंय."

हे शेवटचे वाक्य त्यांनी आवाज न चढवता सांगितले. बाबा गप्प झाले. दोन बायकांचा पगार दुकानाच्या उत्पन्नात बसणारा नव्हता. आणि अक्का खोटे बोलत नव्हत्या, हे आजीकडे पाहून कोणालाही कळले असते. ऐंशी वर्षांची, अर्धे अंग जड झालेली बाई, आणि तिला उचलणारा माणूस झोपेने डुलणारा.

आपल्याला ड्रिलच्या तासाला गार्ड ड्यूटीची पद्धत शिकवतात. संत्री दोन तास पहाऱ्यावर उभा राहतो आणि चार तास विश्रांती घेतो. त्याची बदली आल्याशिवाय तो जागा सोडत नाही, आणि बदली वेळेवर पाठवणे हे गार्ड कमांडरचे काम असते. तगडा, तरुण, प्रशिक्षित जवान असला तरी सैन्य त्याला रात्रभर एकटे उभे करत नाही. त्याच्या हिमतीवर शंका असते म्हणून नव्हे. थकलेल्या डोळ्यांना समोरचे दिसत नाही, हे सैन्याला अनुभवाने माहीत आहे म्हणून.

त्या रात्री मी दुकानाच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला. रात्री दहा आणि बारा वाजता बाबा, कारण हिशेब लिहायला ते तोपर्यंत जागेच असतात. दोन वाजता मी, आणि मी शाळेत परतल्यावर चुलत भाऊ, जो इंजिनिअरिंगला आहे आणि तसाही उशिरापर्यंत जागतो. पहाटे चार वाजता आई, पण ती एकटीने उचलणार नाही, बाबांना उठवणार. सहाला अक्कांचा दिवस सुरू. म्हणजे दहा ते साडेपाच अक्कांची झोप. अगदीच अडचण आली तर दारावर टकटक करायची, एरवी नाही. सकाळी अक्कांना तक्ता वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा ऐकला आणि म्हणाल्या, "बरं. मग पयलं मी तुमास्नी शिकवते. तुमी उठून चुकीचं केलं तर माजी झोप फुकट."

कूस बदलणे हे मला वाटले होते तसे ताकदीचे काम नाही. अक्कांनी आम्हा चौघांना ओळीने उभे करून शिकवले. एक चादर दुमडून आजीच्या पाठीपासून मांडीपर्यंत आडवी घालायची आणि माणसाला न ओढता ती चादर ओढायची. ओढताना कातडी गादीला घासली की तिथेच जखम सुरू होते. कूस झाली की पाठीमागे एक उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी आणि टाचा गादीवर टेकणार नाहीत अशी पोटरीखाली एक घडी. लुळ्या हाताखाली आधार द्यायचा, तो हात कधी ओढायचा नाही. शेवटी विजेरीच्या प्रकाशात टाचा, खुबे आणि माकडहाड पाहायचे. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचे. दाबल्यावर लाली जाऊन परत आली तर ठीक. दाबूनही गेली नाही तर अक्कांना सांगायचे आणि त्या बाजूवर पुन्हा झोपवायचे नाही. भरवतानाही नियम होते. आजीला सरळ बसवायचे, हनुवटी किंचित खाली, घास चांगल्या बाजूने आणि आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही. झोपून पाणी पाजायचे नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

खाटेजवळ एक वही टांगली. वेळ, कुठली कूस, किती पाणी, लघवी, औषध, आणि पुढच्याला सांगायचे काही असेल तर ते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ च्या शुश्रूषेवरील पुस्तकात अशा व्यवस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांचा मुद्दा असा की आपण हजर असताना जे होते ते आपण नसतानाही होईल अशी तजवीज नसेल, तर चांगल्या शुश्रूषेचे सगळे फळ वाया जाऊ शकते. एकट्याने सगळे करून थकणारी व्यक्ती उद्या आजारी पडली तर रुग्णाचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. आमची वही म्हणजे त्याचे उत्तर.

पहिल्या रात्री दोन वाजता मी उठलो तेव्हा घरात फक्त घड्याळाचा आवाज होता. चिकपेट इतके शांत असते हे मला माहीत नव्हते. आजी जागी होती. मी चादर ओढून तिला डाव्या कुशीवर केले, उशा लावल्या, टाचा पाहिल्या. तिने डाव्या हाताने माझे मनगट धरले आणि म्हणाली, "झोप." तिच्या उरलेल्या शब्दांपैकी तो एक. जिन्यावरच्या खोलीचे दार आतून बंद होते.

हे सारे आम्ही अक्कांवर उपकार म्हणून केले असे कोणाला वाटू नये. घरकाम करणाऱ्यांसाठी किमान वेतन ठरवणाऱ्या पहिल्या राज्यांत कर्नाटक होते, ती गोष्ट २००४ ची. २०११ मध्ये जिनेव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी जो करार मंजूर केला, त्याचा क्रमांक १८९. त्यात आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती सांगितली आहे. घरात राहणाऱ्या कामगाराला सुट्टीच्या वेळात घरातच थांबण्याची सक्ती करता येणार नाही, असेही त्यात आहे. भारताने अजून तो करार स्वीकारलेला नाही. पण अक्कांचे चार प्रश्न आणि त्या करारातल्या गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या तर फार फरक दिसत नाही. निवारा, विश्रांती, सुट्टी, मोबदला. अक्का सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत आणि त्यांनी तो करार वाचलेला नाही.

रविवारी अक्का सकाळी आठला निघतात. चिकपेट स्टेशनवरून मेट्रोने पीण्याला भावाकडे जातात. पहिल्या रविवारी आम्हाला आजीची अंघोळ उरकायला अकरा वाजले आणि सगळ्यांचेच कपडे भिजले. आता तेच काम पाऊण तासात होते. नात्यातल्या ज्या मंडळींनी आईला प्रश्न विचारला होता, त्यांतल्या एक काकू आता महिन्यातल्या एका रविवारी येऊन बसतात.

मे महिन्यात मी घरी असताना निपाणीहून फोन आला. अक्कांची आई तापाने पडली होती. तोपर्यंत मला माहीत नव्हते की अक्कांची दहावीतली मुलगी गावी आजीजवळ राहते, आणि अक्का आमच्या आजीजवळ असताना त्यांच्या आईचे सगळे ती मुलगी करते. अक्का आठ दिवसांसाठी गेल्या. बाबांनी पगार कापला नाही. आठ दिवस तक्त्यात दिवसाच्या पाळ्याही लिहिल्या, दुकान दोन दुपारी बंद ठेवावे लागले, पण सगळे झाले. अक्का परतल्या तेव्हा त्यांनी आधी वही वाचली, मग आजीच्या टाचा पाहिल्या आणि मग चहा घेतला.

आजी पूर्ण बरी होईल असे डॉक्टर म्हणत नाहीत. उजवा हात अजून हलत नाही. पण ती आता खिडकीजवळच्या खुर्चीत तासभर बसते, खाली गल्लीतली गडबड पाहते. तिच्या शब्दांत 'अक्का' या शब्दाची भर पडली आहे. आणि इतक्या महिन्यांत तिच्या अंगावर एकही जखम झालेली नाही. डॉक्टरांनी आईला विचारले की घरी किती बायका ठेवल्या आहेत. आई म्हणाली, "एक. बाकी आम्ही."

माझ्या मित्रांपैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबा आहेत आणि काहींच्या घरी अशी एखादी बाई किंवा मामा राहतही असतील. सुट्टीत घरी गेलात की आजीची चौकशी करालच. त्याबरोबर एवढे विचारा की रात्री तिच्यासाठी कोण उठते, आणि त्या माणसाची बदली कोण करते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभरची मोफत हेल्पलाइन आहे, ती आपल्या घरी आणि शेजारच्या घरी लिहून ठेवा. पण पहाटेची पाळी हेल्पलाइन करू शकत नाही, ती घरातल्यालाच करावी लागते.

नवा तक्ता मी जूनमध्ये शाळेत येण्याआधी भिंतीवर लावून आलो आहे. दिवाळीच्या सुट्टीत दोन वाजताची पाळी पुन्हा माझी आहे.